फीडबॅकचा स्विच चालू केला की ॲम्प किंचाळतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे पण कामाची आहे, त्यामुळे दोन ओळींत उरकत नाही, नीट लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रतिक्रिया देणाऱ्यांनी फेंडर चँप या छोट्या गिटार ॲम्पच्या ५एफ१ सर्किटवरून व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प बांधलाय, व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर ओळखीच्या वाइंडरकडून (गुंडाळी करणाऱ्याकडून) करून घेतलाय, आणि मी सांगितल्याप्रमाणे निगेटिव्ह फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटचा थोडा सिग्नल उलट दिशेने मागे नेणाऱ्या, वायरमध्ये स्विच टाकलाय. स्विच बंद असला की ॲम्प मस्त वाजतो, चालू केला की कर्कश किंचाळतो, "अगदी व्हॉल्यूम शून्यावर असला तरी". शिवाय स्विच चालू-बंद करताना स्पीकरमधून टप्प असा आवाज येतो. यावरून त्यांचं म्हणणं असं की मॉडच (सर्किटमधला हा बदलच) चुकीचा आहे, खऱ्या ट्वीड (कापडी आवरणाच्या जुन्या फेंडर) ॲम्पमध्ये फीडबॅक नसतोच, ती वायर कापून टाका आणि लोकांची दिशाभूल बंद करा.

आधी ट्वीडचं बघू, कारण ते पटकन संपतं. फेंडरच्याच ५ई३ डिलक्समध्ये फीडबॅक नाही, बरोबर. पण तुम्ही बांधलाय तो ५एफ१, आणि त्याच्या मूळ ड्रॉइंगमध्येच स्पीकरपासून २२ केचा (किलोओहमचा) रेझिस्टर पहिल्या व्हॉल्व्हकडे परत आलेला आहे. ५एफ६-ए बासमनमध्ये २७ के आहे, आणि त्याच बासमनवरून मार्शलचा जेटीएम४५ निघाला. मी काही नवीन घुसवलेलं नाही, जे होतं ते चालू-बंद करायची सोय केली एवढंच. व्हॉक्स एसी३० फीडबॅकशिवाय वाजतो आणि सुंदर वाजतो, ज्याला तसा आवाज हवा त्याने स्विच बंद ठेवावा, म्हणून तर स्विच आहे ना!

आता किंचाळणं. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत सोन्यासारखं वाक्य एकच आहे, ते म्हणजे व्हॉल्यूम शून्यावर असला तरी. ५एफ१मध्ये व्हॉल्यूमचा पॉट (नॉबमागचा रेझिस्टर) १२एएक्स७ या पहिल्या व्हॉल्व्हच्या दोन भागांच्या मधे बसतो. फीडबॅक येतो तो दुसऱ्या भागाच्या कॅथोडवर (व्हॉल्व्हच्या एका टोकावर), म्हणजे पॉटच्या पुढे. तिथून ६व्ही६ हा पॉवर व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि परत कॅथोड, असा हा फेरा व्हॉल्यूमच्या नॉबला विचारतच नाही. वायर इनपुट जॅकच्या फार जवळून गेली असती तरी ॲम्प किंचाळला असता, पण मग व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर तो गप्प झाला असता. तुमचा होत नाही, म्हणजे वायरिंगच्या मांडणीवर शंका घ्यायचं कारण नाही, फेराच उलटा आहे. परत येणारा सिग्नल मूळ सिग्नलला कमी करायच्या ऐवजी वाढवतोय, मांडवात माइक कर्ण्यासमोर गेला की जी शिट्टी वाजते तोच प्रकार.

आणि यात वाइंडरचाही दोष नाही. सेकंडरीची (ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या गुंडाळीची) कुठली वायर सुरुवातीची आणि कुठली शेवटची हे त्याला कोणी विचारलेलं नसतं, नुसत्या स्पीकरला त्याने काही फरक पडत नाही, फरक पडतो तो फीडबॅक जोडल्यावर.

तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. २२ केच्या जागी तात्पुरता १०० के लावा, म्हणजे फेरा इतका कमजोर होतो की किंचाळणार नाही. मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा टोन इनपुटला द्या, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांना लावा, साधारण १ व्होल्ट येईल एवढा व्हॉल्यूम करा आणि स्विच चालू-बंद करा. चालू केल्यावर आकडा खाली आला तर फीडबॅक निगेटिव्ह, वर गेला तर पॉझिटिव्ह. तुमचा वर जाणार.

मग सेकंडरीच्या दोन्ही वायरी उलटापालट करा: आत्ता जी ग्राउंडला आहे ती स्पीकर जॅकच्या टिपला (ग्राउंड नसलेल्या टोकाला) आणि टिपची ग्राउंडला. फीडबॅकची वायर टिपवरच राहू द्या. बरेच जण नुसती फीडबॅकची वायर उचलून दुसऱ्या टोकाला लावतात, ते टोक ग्राउंडला असतं, मग किंचाळणं थांबतं आणि फीडबॅकही थांबतो आणि मंडळी खूश. आतल्या जोडण्या बदलताना मेन्सचा प्लग काढलेला, आणि फिल्टर कपॅसिटर रिकामे करून मीटरने तपासलेले पाहिजेत, आत ३०० व्होल्टच्या वर असतात. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जाईल.

टप्प आवाजाचं कारण वेगळं आहे. त्या कॅथोडवर दीड-एक व्होल्ट डीसी असतो, १.५ केमधून ग्राउंडला जाणारा. स्विच चालू केला की २२ के सेकंडरीतून ग्राउंडला लागतो, म्हणजे १.५ केला समांतर, बायस (व्हॉल्व्हचा ठरलेला डीसी व्होल्टेज) किंचित सरकतो आणि तोच धक्का स्पीकरमध्ये ऐकू येतो. जळत काही नाही. कानाला खटकत असेल तर २२ के आणि स्विचच्या मधे १ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर टाका, आणि कपॅसिटरच्या स्विचकडच्या टोकापासून ग्राउंडला १ मेगचा (मेगओहमचा) रेझिस्टर. तो १ मेग विसरलात तर स्विच बंद असताना ते टोक लोंबकळत राहतं आणि टप्प परत येतो. २२ के कॅथोडला अगदी खेटून सोल्डर करा, लांब वायर स्पीकरच्या बाजूची असू दे, ती सहसा हम (गुणगुण) पकडत नाही. स्विच मागे, स्पीकर जॅकशेजारी लावा, दिसायला पुढे छान दिसतो म्हणून इनपुटच्या शेजारी नको.

एवढं झाल्यावर फार मोठा चमत्कार होईल असं समजू नका. माझ्या हिशोबाने या सर्किटमध्ये फीडबॅक साधारण ६ डेसिबलच्या आसपास आहे. चालू केल्यावर आवाज थोडा खाली बसेल, बास आवळला जाईल, आवाज जास्त वेळ क्लीन (न फाटलेला) राहील. व्हॉल्यूम पूर्ण चढवून तपासलंत तर मात्र फरक जवळजवळ नाहीच असं वाटेल, कारण ६व्ही६ क्लिप व्हायला (सिग्नलची टोकं कापायला) लागली की फीडबॅककडे दुरुस्त करायला काही उरतच नाही. चार-पाचवर ठेवून ऐका, आणि ५ई३सारखा सैल आवाज आवडला तर स्विच बंदच ठेवा, वायर कापायची गरज नाही.