सही नाही केली मी आज

सकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन दारात. "वहिनी, एवढी सही मारा." कशाची? तर म्हणे मागच्या आठवड्यात ग्रामसभा झाली. कधी झाली? दवंडी नाही, निरोप नाही, महिलांची सभा आधी घ्यायची असते तीही नाही. आणि रजिस्टरात माझं नाव आधीच लिहिलेलं! सिमेंट रस्ता "सर्वानुमते" मंजूर. सर्व म्हणजे कोण हो? पारावर बसणारे पाच जण?

मला सारखा तो उन्हाळा आठवतो. आमच्याच ओसरीवर बचत गटाची बैठक होती, टँकर कुठे उभा करायचा यावर. अकरा बाया. दहा जणी म्हणाल्या, पारापाशी. ठरलं, उठायलाच लागलो. गोठ्याकडच्या कोपऱ्यात बसलेली मागच्या गल्लीतली काकू म्हणाली, "तुमचं ठरलं नं, मंग ठीकच आहे." सासूबाई म्हणाल्या, "थांबा वं बायांनो, तिचं तोंड तं पाहा."

ग्रामसभेच्या गणपूर्तीला, म्हणजे किमान हजेरीला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो. तो असा दारोदारी सह्या गोळा करून भरायचा का? गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आपल्याच विदर्भात आहे ना? "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. तिथे बहुमतावर निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असला तरी पुन्हा बसतात, बोलतात. त्याच गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला.

हो, वेळ जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणाला सवड आहे, हेही खरं. पण म्हणून विचारायचंच नाही?

त्या दिवशी काकू कितीतरी वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "पारापाशी आमचा पाण्याचा गुंड शेवटीच लागते. तवर पाणी सरून जाते." कोणी काही बोललंच नाही. कारण तिचा गुंड मागे सारणाऱ्या आम्हीच होतो. मीसुद्धा. दिवे लागेपर्यंत बसलो, चुलीवरचं वरण करपलं. दुसऱ्या दिवसापासून टँकर आधी मागच्या गल्लीत, मग पारापाशी.

आता हा सिमेंट रस्ता नेमका त्या गल्लीच्या तोंडाशी संपतो. नालीचं नावच नाही. पावसाळ्यात सगळं पाणी काकूच्याच दारात जाणार. तिला विचारलं कोणी?

शिपायावर ओरडले, ते चुकलंच. त्याला पाठवलं, तो आला. चहा दिला त्याला. संध्याकाळी परत येतो म्हणाला. येऊ दे. ओसरीवर सतरंजी टाकून ठेवली आहे, मागच्या गल्लीत निरोप गेला आहे. काकूला म्हटलं, यावेळी कोपऱ्यात नाही, दाराशी बसायचं.