प्रेमजी, अमळनेर आणि तो फिरणारा मेसेज

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या निम्म्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरतोय, "अझीम प्रेमजींच्या आयुष्यातून शिकण्यासारख्या पाच गोष्टी". ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: अमळनेरच्या एका तेलाच्या घाण्यातून शून्यातून सुरुवात केली, कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणजे डिग्री-बिग्री काही लागत नाही, धाडस करून एका फटक्यात तेलावरून कॉम्प्युटरवर उडी मारली, पै-पै वाचवून श्रीमंत झाले, आणि शेवटी तो फेमस हिशोब, 1980 ला विप्रोचे दहा हजाराचे शेअर घेऊन विसरून गेलेला माणूस आज शेकडो कोटींचा मालक. खाली "खान्देशचा अभिमान" आणि हात जोडलेले. अभिमान मलाही आहे भो, पण म्हणून काहीही खपवायचं का?

घाण्याचं आधी घेऊ. 29 डिसेंबर 1945 ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी, म्हणजे आजची विप्रो, रजिस्टर झाली, ती काढली वडिलांनी, एम. एच. हाशम प्रेमजींनी, तांदळाचे मोठे व्यापारी होते ते. माल काय, तर वनस्पती तूप, डालडाच्या जातीचं. हे घाण्यावर बनत नाही, तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन गॅस सोडून ते घट्ट करावं लागतं, म्हणजे प्लांट आला, मशिनरी आली, केमिस्ट आले, भांडवल आलं. इकडे भुईमूग पिकत होता आणि सुरत-भुसावळ लाईन दारातून जात होती, तेव्हा जागा बरोबरच होती. सनफ्लॉवर वनस्पती आणि 787 साबण, जुन्या लोकांना विचारा, नावं आठवतील. आणि कंपनी रजिस्टर झाली तेव्हा अझीमभाई पाच महिन्यांचे होते, ते पण मुंबईला जन्मलेले. पाच महिन्यांचं पोर शून्यातून काय सुरू करणार?

आता डिग्रीचं, कारण खरं नुकसान इथे होतंय. माझा भाचा सेकंड इयर इंजिनिअरिंगला आहे, दोन विषय राहिले तर मला म्हणतो, "मामा, प्रेमजींनी पण सोडलं होतं, शिकीसन काय व्हस?" म्हटलं बाबा, ते स्टॅनफर्डला इलेक्ट्रिकल शिकत होते, 1966 ला वडील अचानक गेले आणि 21 व्या वर्षी सगळं टाकून परत यावं लागलं, बॅकलॉग राहिले म्हणून नाही आले. आल्यावर सुद्धा भर मीटिंगमध्ये एका शेअरहोल्डरने सुनावलं होतं, की तू तुझा हिस्सा विक आणि कुण्या जाणत्या माणसाच्या हातात कंपनी दे. हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. मेसेजमध्ये ते नाही, कारण त्यात वारसा दिसतो ना. आणि पुढची गोष्ट तर कोणीच फॉरवर्ड करत नाही, की तीसेक वर्षांनी, एवढी मोठी कंपनी उभी असताना, या माणसाने राहिलेले क्रेडिट पूर्ण करून ती डिग्री घेतली. मग फाउंडेशन काढलं ते कशासाठी, तर सरकारी शाळांसाठी, 2010 मध्ये बेंगळुरूला युनिव्हर्सिटी काढली, मार्च 2019 ला विप्रोचे 34 टक्के शेअर, म्हणजे तेव्हाचे 52,750 कोटी, आणखी त्यात घातले, एकूण रक्कम झाली 1 लाख 45 हजार कोटी. ज्या माणसाने एवढा पैसा शिकवण्यात घातला त्याचाच फोटो लावून पोरांना सांगताय की शिकू नका, कमाल आहे.

एका फटक्यात उडी, हे पण नाही. 1966 ते 1980 मोजा, चौदा वर्षं तेल, साबण, मध्ये 1975 च्या सुमारास हायड्रॉलिक सिलिंडर. मग सरकारने परदेशी कंपन्यांना हिस्सा कमी करायला लावला, आयबीएम ऐकेना आणि 1978 ला देश सोडून गेली, मार्केटमध्ये मोठ्ठी पोकळी झाली, आयातीवर बंधनं होतीच. त्या पोकळीत विप्रो शिरली, खिशात तेलाचा पैसा होता, आणि काम करायला ठेवले शिकलेले इंजिनिअर आणि बाहेरचे मॅनेजर, भाऊबंद नाही. वेळ ओळखली याचं श्रेय शंभर टक्के त्यांचं. पण आपल्याकडे कोणी हे वाचून चालू दुकान मोडून उद्या ॲप काढायला निघेल तर त्याला आयबीएम जागा करून देणार नाही.

काटकसरीचं सोडा. इकॉनॉमी क्लासने फिरायचे हे खरं आहे, छान आहे, पण विमानाच्या तिकिटात वाचवून कोणी अब्जाधीश होत नाही.

राहिला शेअरचा हिशोब. गणित बरोबर आहे, हे मान्य. 100 रुपये दर्शनी किमतीचे 100 शेअर, मग बोनसवर बोनस, म्हणजे फुकटचे जादा शेअर, दोनदा स्प्लिट, म्हणजे एका शेअरचे अनेक छोटे शेअर, 2010 पर्यंत त्याचे 96 लाख शेअर होतात, पुढेही वाढले. पण 1980 ला दहा हजार म्हणजे काय ते जळगावच्या सराफात विचारा, सोनं तेराशेच्या आसपास होतं, म्हणजे सात-साडेसात तोळे. कोणत्या शेतकऱ्याकडे एवढे सुटे पडले होते? शिवाय तेव्हा ती तेल-साबणाचीच कंपनी होती, ज्या अमळनेरकरांनी कागद ठेवले त्यांनी गावातली कंपनी म्हणून ठेवले, पुढे काय होणार हे स्वप्नातही नव्हतं. त्याच गावात प्रताप मिल पण होती, कॉलेज आणि तत्त्वज्ञान मंदिर देणाऱ्या प्रतापशेठांची, तिच्यावर तर लोकांचा जास्त भरवसा असेल, ती बंद पडली. तिचा मेसेज कोण बनवणार?

आणि "घ्या आणि विसरून जा" हा सल्ला तर आज डेंजर आहे. सलग सात वर्षं डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, उचलला नाही तर आताच्या कायद्याने शेअरच आयईपीएफमध्ये, म्हणजे कोणी न उचललेले शेअर आणि पैसे ठेवायच्या सरकारी फंडात, जातात. परत मिळतात, पण फॉर्म पाच भरा, कंपनीकडून पडताळणी करून घ्या, मालक वारला असेल तर वारसाचे कागद, सर्टिफिकेटवर आजोबांच्या नावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं असेल तर ॲफिडेव्हिट, दमछाक होते. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता पण येत नाहीत, आधी डिमॅट, म्हणजे कागदावरून ऑनलाइन खात्यात, करावे लागतात. तेव्हा घरात आजोबांची पत्र्याची पेटी असेल तर या रविवारी उघडा, सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीकडचा खाते नंबर, लिहून घ्या आणि आयईपीएफच्या साईटवर नाव टाकून बघा, मेसेज नंतर फॉरवर्ड करा.