गावच्या दालमिलला डॅशबोर्ड कशाला? एका फिरत्या संदेशाला उत्तर

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. त्याचं म्हणणं असं: गावच्या दालमिलला डॅशबोर्ड (महत्त्वाचे आकडे एका पानावर दाखवणारा तक्ता) लागत नाही, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला नफा-तोटा पुरतो, हवाच असेल तर तयार विकत घ्या, गावात नेट टिकत नाही, आणि सभासदांना आकडे दाखवले की भांडणं होतात. यवतमाळ-वाशीम पट्ट्यातले संचालक हे खरं धरून चालतात, म्हणून लिहितो.

टॅली हिशोब चोख ठेवते. पण तूर जानेवारीपासून येते, डाळ पार पावसाळ्यापर्यंत विकली जाते आणि आर्थिक वर्ष मध्येच 31 मार्चला संपतं. कागदावर नफा दिसतो तेव्हा पैसा गोदामातल्या कट्ट्यांत आणि व्यापाऱ्यांच्या उधारीत अडकलेला असतो, आणि तूर घालून गेलेला सभासद चुकाऱ्यासाठी, म्हणजे मालाच्या पैशांसाठी, चकरा मारत असतो. कोणाची उधारी किती दिवसांची, हे टॅलीतूनही निघतं. पण ते लेखापालाच्या संगणकात राहतं. पुढचा ट्रक उधारीवर भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या माणसासमोर नसतं.

तयार डॅशबोर्डचा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा आहे. त्यात विक्री, खर्च, शिल्लक सुबक दिसते. दालमिलचा जीव मात्र उताऱ्यात, म्हणजे तुरीतून किती डाळ निघते त्यात, आहे. 100 क्विंटल तुरीतून 72 ऐवजी 70 क्विंटल डाळ निघाली, तर डाळ 100 रुपये किलो धरून 20,000 रुपये गेले. आता हा उतारा मोजायचा कसा? तुरीला तेल-पाणी लावून मुरवतात, उन्हात वाळवतात, मग भरडतात. आज आत गेलेली तूर काही दिवसांनी डाळ होऊन बाहेर येते. म्हणून आजची डाळ भागिले आजची तूर हा आकडा खोटा असतो, ढगाळ आठवड्यात तर फारच. प्रत्येक लॉटला, म्हणजे एकत्र घातलेल्या तुरीच्या खेपेला, नंबर द्यावा लागतो आणि आवक, सफाईनंतरचं वजन, डाळ, चुणी (डाळीचा चुरा), भुसा हे सगळं त्याच नंबराखाली लिहावं लागतं. दुसरी मेख भाजकाची. काडीकचरा काढल्यानंतरच्या वजनावर उतारा काढला की तो चांगला दिसतो, पण सभासदाला पैसे दिले ते काट्यावरच्या वजनाचे. दोन्ही उतारे शेजारी ठेवले तरच कळतं की गळती खरेदीत आहे की मिलमध्ये. ही रचना तुमच्या मिलचं काम पाहिलेल्या माणसालाच सुचेल.

त्यासाठी गूगल शीट्स पुरतं. एका पानावर फक्त नोंदी, दुसऱ्यावर गावं, व्यापारी आणि लॉट यांच्या याद्या, तिसऱ्यावर डॅशबोर्ड. या तिसऱ्या पानावर हातानं एकही आकडा भरायचा नाही. सगळं सूत्रांनी नोंदींतून यावं. गावाचं नाव यादीतूनच निवडायला लावा, नाहीतर दारव्हा, दारव्हे आणि दारवा अशी तीन गावं तयार होतात. आकडे पाच-सहाच ठेवा. ज्या आकड्यावरून कोणी काही ठरवत नाही, तो काढून टाका.

नेटची अडचण खरी आहे, पण इथे ती आडवी येत नाही. दिवसभर वहीत लिहा, संध्याकाळी रेंज मिळाली की भरा. मोबाईलवरच्या शीट्समध्ये ती फाईल आधी ऑफलाइन करून ठेवली तर नेटशिवायही नोंद होते. दालमिलला मिनिटामिनिटाचा आकडा नकोच असतो.

राहिला सभासदांच्या भांडणाचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो. उत्पादक कंपनी 2002 च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात आली ती शेतकऱ्यांच्या मालकीची म्हणून. वैयक्तिक सभासदांना शेअर किती का असेनात, मत एकच. लॉटचा उतारा, विक्रीचा भाव आणि बाकी चुकारा हे तीन आकडे मराठीत, मोठ्या अक्षरात, कार्यालयाच्या दारावर दर आठवड्याला लागले पाहिजेत. उतारा का घसरला हे विचारायचा हक्क त्यांचा आहे, आणि त्यासाठी त्यांना आमसभेपर्यंत ताटकळत ठेवणं मला मान्य नाही.