हिटआउटचा आकडा फसवा, म्हणून रकमन निरुपयोगी ठरत नाही

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये गेली काही वर्षे एक मत सर्रास ऐकू येते: रकमनचे दिवस संपले, हिटआउटच्या आकड्याला काही अर्थ नाही आणि कोणताही उंच खेळाडू मध्यभागी उभा केला तरी भागते. पंचांनी चेंडू वर उडवला की दोन्ही संघांचा एकेक रकमन, म्हणजे याच कामासाठी उभा केलेला उंच खेळाडू, त्यावर झेपावतो आणि ज्याच्या हाताने चेंडू बाहेर ढकलला जातो, त्याच्या नावावर हिटआउट जमा होतो. या मताचा एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिला दाखला विजेत्या संघांचा दिला जातो. 2017 मध्ये रिचमंड टोबी नॅनकर्व्हिस या एकाच खऱ्या रकमनच्या बळावर विजेता ठरला आणि त्याला विसावा द्यायला शॉन ग्रिग हा अवघ्या 190 सेंटिमीटर उंचीचा मिडफिल्डर उभा राहत असे. कॉलिंगवूडने रकमन ब्रॉडी ग्रंडीशी सात वर्षांचा करार केला, 2022 च्या अखेरीस त्याला मेलबर्नकडे जाऊ दिले आणि पुढच्याच वर्षी अजिंक्यपद पटकावले. हे सारे खरे आहे. मात्र कॉलिंगवूडने ग्रंडीची जागा रिकामी ठेवली नव्हती; तिथे डार्सी कॅमेरॉन हा दुसरा रकमनच खेळत होता. त्यामुळे एका रकमनला किती पैसे मोजावेत, एवढाच प्रश्न या उदाहरणातून उभा राहतो. रिचमंडच्या बाबतीतही ग्रिग काही मिनिटांपुरता होता, बाकीचा सामना नॅनकर्व्हिसने ओढला.

दुसरा मुद्दा आकड्याचा, आणि इथे टीकाकारांचे बरोबर आहे. चाळीस वेळा चेंडूला हात लावूनही त्यातले निम्मे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडले, तर त्या चाळिशीला किंमत नाही. म्हणूनच थेट सहकाऱ्याच्या हाती गेलेले हिटआउट वेगळे मोजले जातात आणि ते एकूण संख्येच्या निम्म्यापेक्षा बरेच कमी भरतात. पण जे साधतात, ते पाहावेत. प्रतिस्पर्ध्याचा गुडघा बरगडीत रुतलेला असताना, हवेतच अंग वळवून, मागून धावत येणाऱ्या मिडफिल्डरला वेग कमी करावा लागू नये अशा बेताने चेंडू त्याच्या पुढ्यात सोडणे हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. 2006 मध्ये विजेत्या ठरलेल्या वेस्ट कोस्टमध्ये रकमन डीन कॉक्सच्या हातून सुटणाऱ्या चेंडूवर ख्रिस जड, बेन कझिन्स आणि डॅनियल कर धावत असत. त्या तिघांचा वेग सर्वांच्या लक्षात राहिला, कॉक्सचा हात फारसा कोणाच्या राहिला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

शिवाय नियमांनीही या कसबाची किंमत वाढवली आहे. 2017 पासून तिसऱ्या खेळाडूला मध्येच उडी मारून चेंडू ढकलण्याची मुभा राहिली नाही, त्यामुळे लढत दोन रकमनमध्येच होते. 2019 पासून मध्यावरून खेळ सुरू होताना प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बचावात, सहा मध्यात आणि सहा आक्रमणात असावेच लागतात. बचावात जादा माणूस आधीच उभा करता येत नसल्याने मध्यातून स्वच्छ निघालेला चेंडू काही सेकंदांत गोलसमोर पोहोचू शकतो.

राहता राहिला ‘कोणीही उंच चालेल’ हा दावा, आणि तो खोडायला हिटआउटची गरजच पडत नाही. 2021 च्या उपांत्य लढतीत मेलबर्नचा कर्णधार आणि रकमन मॅक्स गॉन याने जिलाँगविरुद्ध पाच गोल केले. 2018 चा अंतिम सामना तर टीकाकारांच्याच आवडीचा आहे: गुडघ्याच्या दुखापतीमुळे वेस्ट कोस्टचा रकमन निक नैतानुई बाहेर, समोर कॉलिंगवूडचा ग्रंडी, आणि तरीही वेस्ट कोस्ट 79-74 असा जिंकला. पण तो विजयी गोल कसा झाला, हे आठवून पाहावे. शेवटची काही मिनिटे उरली असताना जेरेमी मॅकगव्हर्नने बचावात चेंडू झेलला आणि पुढे मारला. तो उंचावरून आलेला चेंडू पकडला नेथन व्हार्डीने, म्हणजे नैतानुईच्या जागी खेळणाऱ्या दोन रकमनपैकी एकाने. त्याच्याकडून तो लियम रायनकडे गेला, रायनकडून डॉम शीडकडे, आणि शीडने कडेच्या अवघड कोनातून तो खांबांमधून पार केला. व्हार्डीचा तो झेल हिटआउटच्या रकान्यात कुठेही सापडणार नाही.