वीस मिनिटांचा फुसका बार

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून घरामागच्या अंगणात थोडी शोभेची दारू उडवावी, ही कल्पना माझी. कुणाला इजा न होता उडवावी, हीही माझीच. पहिली सगळ्यांना आवडली. दुसरीमुळे घरातली माणसं आठवडाभर माझ्याशी जपून बोलत होती.

सुरुवात मोजपट्टीनं झाली. आणलेला माल टेबलावर मांडून मी प्रत्येक खोक्यावरचा बारीक मजकूर वाचून काढला. लोक फक्त चित्र बघतात. भुईनळ्यावर लिहिलं होतं, प्रेक्षक किमान ८ मीटर दूर. एकामागून एक गोळे आकाशात सोडणारं जे मोठं खोकं होतं, त्यावर होतं २५ मीटर. आमचं अंगण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरलं १४ मीटर, तेही पट्टी जरा सैल धरून. म्हणजे खोकं इकडच्या भिंतीला टेकवलं, तर प्रेक्षकांच्या खुर्च्या शेजारच्या काकांच्या स्वयंपाकघरात येत होत्या.

"मग काकांना विचारून बघ की," भावजी म्हणाले. ताईच्या नवऱ्याकडे कुठल्याही अडचणीवर तोडगा असतो. तोच पुढची अडचण ठरतो, हा भाग वेगळा.

मोठं खोकं परत गेलं. बाणही गेले. बाण वर जाताना सगळे माना वर करून बघतात, पण त्याची काडी खाली कुठे येते याची चौकशी कुणी करत नाही. उरले चार भुईनळे, दोन भुईचक्रं आणि फुलबाज्या.

"फुलबाज्यांना तरी काही म्हणू नकोस," आई म्हणाली. "पोरंसोरं उडवतात त्या."

इथे मला राहवलं नाही. पाणी उकळतं १०० अंशांना. फुलबाजीचं जळतं टोक हजार अंशांच्याही वर असतं. तापलेल्या तव्याच्या आसपास पोर फिरकलं तरी आपण किंचाळतो, आणि तव्याच्या कितीतरी पट तापलेली तार हौसेनं त्याच्या हातात देऊन वर म्हणतो, नाचव! शेवटी तडजोड झाली. एका वेळी एकानंच धरायची, हात लांब ठेवायचा आणि विझलेली तार अंगणात न टाकता थेट बादलीत बुडवायची.

बादली! घरात बादल्या तीन. माझ्या आराखड्यात चार लागत होत्या. दोन पाण्याच्या, एक वाळूची, एक जळक्या मालाची.

"आणि आंघोळ?" बायकोनं विचारलं.

मी म्हटलं, पाण्याचा पाइपही ओढून ठेवणार आहे. हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मला नंतर कळलं.

कपडे सुती, अशी सूचना मी सगळ्यांना दोनदा पाठवली होती. कृत्रिम धाग्याचं कापड पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. भावजी आले ते नखशिखांत चकचकीत शर्टात. त्यांना बाबांचा जुना सदरा घालायला लावला. तो पोटावर बसेना, म्हणून वरची दोन आणि खालची दोन बटणं उघडी ठेवून ते संध्याकाळभर कोपऱ्यात उभे होते. ताई अजून त्याबद्दल माझ्याशी धड बोलत नाही. शेजारच्या काकांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी कुत्र्याला आतल्या खोलीत नेऊन रेडिओ लावून दिला. माणसाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुप्पट कंपनांचाही येतो. आपला भुईनळा त्या बिचाऱ्याला कसा ऐकू येत असेल कोण जाणे.

अंधार पडला. खुर्च्या वारा जिकडून येत होता त्या बाजूला, मोजून ९ मीटरांवर. एक मीटर माझ्या समाधानासाठी. डोळ्यांवर चष्मा, हातात लांब काठीला बांधलेली जळती उदबत्ती, असा मी सपाट फरशीवर ठेवलेल्या पहिल्या भुईनळ्याकडे निघालो. मागून भाचा ओरडला, "मामा अंतराळवीर!" मी वाकलो नाही. भुईनळ्यावर तोंड नेऊन वाकायचं नसतं. बाजूनं हात लांब करून वात पेटवली आणि झपाझप मागे आलो.

वात सुरसुरली. आत गेली. आणि गपगार.

"लाव परत," बाबा म्हणाले.

"नाही. वीस मिनिटं कुणी हलायचं नाही."

न उडालेल्या फटाक्याला परत वात लावायची नसते. आत ठिणगी धुमसत असेल तर तो नेमका तुम्ही जवळ गेल्यावर जागा होतो. वीस मिनिटं थांबायचं, मग लांबून पाणी मारायचं. हे मी आठवडाभर सांगत होतो. पण वीस मिनिटं म्हणजे नक्की किती, हे आम्हाला त्या रात्री कळलं.

पहिल्या मिनिटात सगळे गंभीर होते. तिसऱ्यात आईनं खुर्ची बदलली. पाचव्यात भावजींना तोडगा सुचला आणि ते स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं घेऊन आले. "वरून पालथं घालू. हवा नाही, तर आग नाही."

मी जन्मात एवढ्या जोरात ओरडलो नव्हतो. जुन्या काळ्या दारूत ७५ टक्के सोरा असतो, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. तो सोराच प्राणवायू पुरवतो. दारू आपला श्वास बरोबर घेऊन येते. तिला बाहेरच्या हवेची गरजच नसते. वर पातेलं घातलंत तर आग विझणार नाही, पातेलं उडेल. भावजींनी पातेलं हळूच खाली ठेवलं आणि जाता जाता सदऱ्याचं आणखी एक बटण तुटलं.

"मामा, मग रंग कुठून येतात?" भाच्यानं विचारलं.

अजून चौदा मिनिटं होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला न उठणारा श्रोतृवर्ग मिळाला होता. मी सांगत सुटलो. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा. निळा तांब्याचा, आणि तोच सगळ्यांत अवघड. कारण आच जास्त झाली की निळा रंग देणारी तांब्याची संयुगं टिकतच नाहीत, कमी झाली तर रंग दिसत नाही.

"म्हणजे तुझ्यासारखाच," बायको म्हणाली. यावर बाबा एवढे हसले, की लग्नाच्या वाढदिवसाचं सार्थक झालं.

अकराव्या मिनिटाला भिंतीवरून काकांचं डोकं वर आलं. "काय चाललंय?"

"वाट बघतोय," मी म्हणालो.

"कशाची?"

"काहीही न होण्याची."

काका डोकं तिथेच ठेवून थांबले. पंधराव्या मिनिटाला काकूंचंही डोकं आलं. आता सगळी माणसं, वीतभर उंचीच्या एका गप्प पुठ्ठ्याकडे टक लावून होती. कुणी बोललं तर आई "शूऽऽ" करायची. जणू त्याची झोपमोड होईल. सतराव्या मिनिटाला त्यानं बारीक "टिच्" केलं. त्या क्षणी भाच्यानं माझा दंड असा धरला, की तशी पकड खऱ्या आतषबाजीलाही कुणी धरत नाही. मग पुन्हा शांतता. विसाव्या मिनिटाला बाबांच्या फोनचा गजर वाजला आणि सगळेच, काकूंसकट, दचकून ओरडले.

मी पाइप धरून लांबून पाणी मारलं. पुठ्ठा आडवा पडला. टाळ्या वाजल्या.

तेवढ्यात वारा फिरला. धूर आणि ठिणग्या प्रेक्षकांकडे जाणार म्हणून खुर्च्या उचलून समोरच्या बाजूला. पुन्हा ९ मीटर मोजले. उरलेले तिन्ही भुईनळे आणि दोन्ही चक्रं झकास उडाली असं म्हणतात. मी बघितलं नाही. वात पेटवून मागे येईपर्यंत चष्म्यावर वाफ धरायची, आणि ती पुसून होईपर्यंत मी कोपऱ्यातल्या वाळक्या झुडपाकडे बघत असायचो. एका झुडपावर इतकी नजर ठेवलेला माणूस विरळाच. सगळं मिळून चार मिनिटांत आटोपलं.

जळका माल रात्रभर पाण्यात भिजत ठेवायचा असतो; नाहीतर कचऱ्याच्या डब्यात मध्यरात्री नवा कार्यक्रम सुरू होतो. त्यामुळे सकाळी आंघोळीच्या रांगेत दोन बादल्या आणि सहा माणसं होती. तिसऱ्या बादलीत, लगदा झालेल्या पुठ्ठ्यांच्या वर, तो न उडालेला भुईनळा तरंगत होता. भाचा फोनवर मित्राला सांगत होता, "अरे, एक तर उडलाच नाही! वीस मिनिटं! आणि मग टिच् केलं त्यानं!"

फोन ठेवून तो माझ्याकडे आला. "मामा, पुढच्या वेळी ते न उडणारे दोन आणशील?"