३५ तासांमुळं बेकारी वाढते म्हणे

आठवडा झाला एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्या भावकीच्या ग्रुपवरच तीनदा आला. फ्रान्समध्ये आठवड्याला ३५ तास काम म्हणून तिकडं बेकारी ७ टक्क्यांच्या वर, आपल्याकडं ४८ तास म्हणून फक्त ३.२, तेव्हा तास वाढवा म्हणे.

पहिलं ते ३.२ बघू, खरी गोम तिथंच आहे. हा पीएलएफएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या रोजगार-बेकारीच्या पाहणीचा, २०२३-२४चा आकडा. यात मागचं अख्खं वर्ष धरतात आणि त्यात ३० दिवस जरी काम केलं असेल तरी माणूस रोजगारात जातो, घरच्या शेतात बिनपगारी राबला तरी. माझा चुलतभाऊ तासगावजवळचा, बीकॉम झालाय, कुपवाड एमआयडीसीत अर्ज टाकून टाकून दमला. ऑक्टोबर छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, सकाळपासून काकांबरोबर द्राक्षबागेत, मिळून दीड महिना सहज भरतो. हातात रुपया नाही, पण या हिशोबात तो बेकार नाही.

फ्रान्समध्ये एका आठवड्यापुरतं विचारतात. त्या आठवड्यात तासभरही काम नाही, मागच्या चार आठवड्यांत शोधलंय आणि मिळालं तर दोन आठवड्यांत यायला तयार आहे, तो बेकार. आपल्या पीएलएफएसमध्येही आठवड्याचं माप आहे, त्यानं त्याच वर्षी ४.९ येतात. तुलना करायचीच तर याच्याशी करा, आणि तीही जपून, कारण तिकडं नोकरी गेली की भत्ता मिळतो म्हणून माणूस थांबून काम शोधू शकतो, आपल्याकडं बसून राहणं परवडतंय कुणाला, मिळेल ते करावंच लागतं.

दुसरं, ३५च्या पुढं काम करायला तिकडं बंदी नाही. तिथून ओव्हरटाइम सुरू होतो, एवढंच. आपले ४८ म्हणजे कारखान्यातली वरची मर्यादा, १९४८च्या कायद्यापासूनची. दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्यात. आणि ऊसतोडीच्या टोळीला कुठले आलेत ४८ तास, पहाटे फडात शिरतात ते गाडी भरेपर्यंत.

बरं, कमी तासांनीच बेकारी येत असती तर नेदरलँड्समध्ये सगळ्यात जास्त पाहिजे होती, युरोपात आठवड्याचे सरासरी तास तिथंच सगळ्यात कमी. २०२४ला तिथं बेकारी ४ टक्क्यांच्या आत होती. ग्रीसमध्ये तास सगळ्यात जास्तवाल्यांत, आणि बेकारी १०च्या आसपास.

आता तास वाढवायचं बघा. जिथं आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या चालतात तिथं बारा-बाराच्या दोन केल्या तर तिसऱ्या पाळीतली माणसं कुठं जाणार? माझ्या भावाचा अर्ज तर त्यांच्याही मागं आहे.