कॉपीराइट संपला, तरी जुना सिनेमा हाती का लागत नाही?

दर जानेवारीत एक पोस्ट फिरते. ‘अमुक सालचे सगळे मराठी चित्रपट आता मुक्त झाले, कुणीतरी झकास ब्लू-रे काढा!’ खाली बदामांचा पाऊस. पुढच्या जानेवारीत साल बदलून तीच पोस्ट.

पोस्टमधलं गणित बरोबर असतं. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. १९६०चा चित्रपट १ जानेवारी २०२१ रोजी मोकळा झाला, १९६५चा १ जानेवारी २०२६ रोजी. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. माझं मत सरळ आहे: कॉपीराइट संपल्याने जुन्या मराठी चित्रपटाची चांगली डिस्क निघण्याची शक्यता वाढत नाही, बऱ्याचदा ती कमीच होते.

राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ घ्या. साल १९६०. चित्रपट म्हणून मोकळा. गाण्यांची तबकडी त्याच साली निघालेली असेल तर ध्वनिमुद्रणाचीही ६० वर्षं भरली. पण गीताचे शब्द आणि चाल यांना कायदा चित्रपटात विरघळवून टाकत नाही, त्यांची मुदत वेगळी चालते: कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे शब्द २०३७ संपेपर्यंत बांधलेले. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणजे चाली २०६२ संपेपर्यंत. चित्रपट मोकळा, ध्वनिमुद्रण मोकळं, आणि गाणं मात्र अजून जवळजवळ चार दशकं कुणाच्या तरी मालकीचं. आता या चित्रपटातून गाणी काढा आणि उरलेलं विका पाहू.

बरं, कुणाच्या मालकीचं? इथे दुसरी गफलत होते. लोक कवीच्या घरी फोन लावतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७च्या निकालानुसार, निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता ठरतो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणजे मुदत मोजायची माडगूळकरांच्या निधनापासून, पण दार ठोठावायचं निर्मात्याच्या वारसांचं. किंवा त्या निर्मात्याने तेव्हाच गाण्यांचे हक्क तबकडी कंपनीला लिहून दिले असतील, तर त्या कंपनीचं. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिलं हे चांगलंच झालं, पण १९६०चा मालक कोण हा प्रश्न त्याने सुटत नाही.

‘श्यामची आई’चं कोडं आणखी मजेशीर आहे. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, पुस्तक २०११पासून मोकळं. चित्रपट १९५३चा, तो २०१४पासून मोकळा. आचार्य अत्रे १९६९मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी या चित्रपटासाठी जे लिहिलं ते २०२९ संपेपर्यंत बांधलेलं. संगीत वसंत देसाई यांचं, ते गेले १९७५ साली, म्हणजे २०३५. एकाच चित्रपटाच्या चार तारखा. सावध वकील चारही बाबींचे कागद मागेल, आणि त्याचं चुकत नाही.

शिवाय हे सगळं भारतापुरतं. न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी घरात डिस्क पाठवायची तर अमेरिकेचा कायदा लागतो. १ जानेवारी १९९६ला जो चित्रपट भारतात कॉपीराइटखाली होता, त्याला तिथे प्रदर्शनापासून ९५ वर्षांचं संरक्षण मिळालं. ‘जगाच्या पाठीवर’ अमेरिकेत २०५५ संपेपर्यंत बांधलेला आहे. पुण्यात मोकळा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नाही. परदेशी डिस्क कंपन्या आधी हेच विचारतात, आणि ‘अहो, इंडियात फ्री आहे’ या उत्तरावर पुढची ईमेल येत नाही.

आता मोकळं होण्याचा तोटा. समजा, कुणीतरी लाखो रुपये घालून चित्रपट स्कॅन केला, ओरखडे काढले, डिस्क काढली. दुसऱ्या दिवशी तीच फाइल यूट्यूबवर तीन चॅनेलांनी चढवली. चित्रपटाचाच हक्क उरलेला नसेल तर नुसत्या डागडुजीच्या जोरावर दावा लढवणं अवघड. पैसे घालणाऱ्याला हवा असतो एकहाती हक्क, निदान सात-आठ वर्षांचा. तो देणारा कुणी उरलाच नाही, तर पैसे घालणाराही उरत नाही. म्हणून मला १९७०च्या दशकातल्या चित्रपटांची आशा ५०च्या दशकातल्या चित्रपटांपेक्षा जास्त वाटते. १९७७चा चित्रपट २०३७ संपेपर्यंत कुणाचा तरी आहे. त्या कुणाशी तरी बोलता येतं.

पण हक्कांवर एवढा वेळ घालवण्याआधी रिळांकडे बघायला हवं. आपल्याकडे ‘निगेटिव्ह राइट्स’ हा शब्द इतका रुळलाय की निगेटिव्ह आणि राइट्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच विसरलं जातं. कागद एकाकडे, डबे दुसऱ्याकडे, आणि लॅबचं जुनं बिल थकलेलं. लॅब लेटर, म्हणजे डबे काढून स्कॅनला देण्याची मालकाची लेखी परवानगी, नसेल तर उत्तम कराराचाही काही उपयोग नाही. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये प्रिंट आहे म्हणजे हक्क अर्काइव्हकडे आहेत, असंही नव्हे.

डबा उघडला की आधी नाक वापरा. शिरक्याचा (व्हिनेगरचा) वास आला तर फिल्मचा ॲसिटेटचा पाया, म्हणजे ज्या पट्टीवर चित्र असतं तीच, कुजतोय. त्यासाठी ए-डी पट्ट्या मिळतात, निळ्या रंगाच्या, डब्यात ठेवायच्या. त्या हिरव्या होऊन पिवळ्याकडे सरकल्या तर हे रीळ रांगेत पहिलं. कुजणं स्वतःच स्वतःला वेग देतं, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ चालत नाही, आणि हे रीळ चांगल्या रिळांशेजारी ठेवायचं नाही. फिल्म १ टक्क्याच्या वर आकसली की दातेरी चाकांच्या यंत्रावर छिद्रं फाटायला लागतात. बिनदात्याचा स्कॅनर लागतो. १९५०च्या आधीचा माल नायट्रेटचा असू शकतो. तो जळताना स्वतःचाच ऑक्सिजन तयार करतो, पाण्याने विझत नाही. पुण्यात २००३ साली नायट्रेटच्या गोदामाला आग लागली तेव्हा काय गेलं, हे प्रभात फिल्म कंपनीच्या प्रेमींना सांगायला नको.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते: चित्राची निगेटिव्ह मुकी असते. आवाजाची निगेटिव्ह वेगळी, ती बहुधा वेगळ्या डब्यात, आणि हरवते ती हीच. मग आवाज प्रदर्शनाच्या प्रिंटवरून घ्यावा लागतो. श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’च्या डागडुजीत हेच झालं: चित्र मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून, आवाज फिल्म हेरिटेज फाउंडेशनकडच्या प्रिंटवरून. तो २०२४मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला आणि नंतर आपल्या थिएटरांत लागला. तुकडे जोडून चित्रपट उभा करणं यात कमीपणा नाही. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या लॅबच्या आगीत होरपळल्या. तरी ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून जास्त भाग त्याच जळक्या निगेटिव्हमधून आला, बाकीचा इतर ठिकाणच्या प्रतींवरून. ‘अपूर संसार’ची जी रिळं उरली होती ती मात्र वापरण्याजोगी नव्हती.

प्रिंट पूर्ण आहे का, हे कसं ओळखायचं? सेन्सॉरचा दाखला काढा. त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबी असते. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर धावते. दाखल्यावर ३८०० मीटर असेल तर चित्रपट सुमारे १३९ मिनिटांचा हवा. हातातली प्रत १२४ मिनिटांची असेल तर पंधरा मिनिटं कुठे गेली ते शोधा. बहुतेक वेळा गाणी गेलेली असतात, कारण गाण्याचा तुकडा कापून ठेवायचा मोह टुरिंग टॉकीजपासून संग्राहकांपर्यंत सगळ्यांना होता. आधी लांबी जुळवा, मग करार करा. उलट क्रमाने केलं की अर्धा चित्रपट पूर्ण किमतीला विकत घेतला जातो.

स्कॅनचा हिशेब करू. दोन तासांचा चित्रपट म्हणजे १,७२,८०० फ्रेम. पूर्ण गेटचं, म्हणजे अख्ख्या फ्रेमचं, ४के स्कॅन, ४०९६ गुणिले ३११२ पिक्सेल, १० बिट डीपीएक्स (स्कॅनच्या चित्रांचा फाइल-प्रकार): फ्रेमला सुमारे ५१ एमबी. एकूण ८.८ टीबी, आणि ही फक्त कच्ची फाइल. साफ केलेली तेवढीच दुसरी. २केमध्ये हेच २.२ टीबी. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या (प्रतीवरून काढलेल्या प्रतीच्या) प्रिंटला ४के करणं हा माझ्या मते बहुतेकदा जाहिरातीसाठी केलेला खर्च आहे. मूळ निगेटिव्ह असेल तर मात्र ४केखाली जाऊ नये, कारण डबा दुसऱ्यांदा उघडायची संधी मिळेलच असं नाही.

हे सगळं टाळून बाजारात काय आलं? १९९०च्या दशकात टीव्हीसाठी केलेली टेप, ७२० गुणिले ५७६. तीच व्हीसीडीवर, तीच डीव्हीडीवर, तीच फुगवून आता ‘एचडी’ म्हणून यूट्यूबवर. जुना चित्रपट १.३७ चौकटीचा, तो रुंद टीव्हीवर भरायला वरून-खालून कापला की उंचीतला जवळजवळ पाव भाग जातो. हंसा वाडकरांचं कपाळ आणि पाय एकदमच गायब. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत चित्रपट सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेमने धावतो, दोन तासांचा ११५ मिनिटांत संपतो आणि सूर चढतो. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ पोचतं. फडक्यांच्या चाली कानात बसलेल्या माणसाला ते लगेच खटकतं, फक्त कारण कळत नाही. आणि कोपऱ्यातला तो फिरता लोगो. त्यावर न बोललेलंच बरं.

डिस्कच काढायची ठरली तर: सेकंदाला ३५ मेगाबिटने दोन तासांचं चित्र ३१.५ जीबी होतं, म्हणजे बीडी-५०, ५० जीबीची ब्लू-रे, लागते. पैसे वाचवायला बीडी-२५वर कोंबलं की कृष्णधवल चित्रातले फिल्मचे दाणे चिखल होतात, आणि मग कुणीतरी हुशार तंत्रज्ञ ते दाणेच पुसून टाकतो. चेहरे मेणाचे होतात. डिस्क कारखान्यात छापून घ्या, घरच्या बर्नरवर जाळलेली बीडी-आर नको. कॉपीराइट कायद्याच्या ५२-अ कलमानुसार सेन्सॉर दाखल्याची प्रत, डिस्क काढणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना घेतल्याचं निवेदन आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता हे पडद्यावर आणि वेष्टनावर दोन्हीकडे लागतं. इंग्रजी सबटायटल हवीतच, कारण परदेशातली पुढची पिढी वाचूनच बघणार आहे. पण गाण्याचं सबटायटल म्हणजे भाषांतर, आणि भाषांतराचा हक्कही शब्दांच्या मालकाकडेच. गाण्याची परवानगी घेताना ही ओळ घालायची राहून जाते.

मग शक्यता कुणाची? जिथे एकाच घराकडे किंवा संस्थेकडे डबे आणि कागद दोन्ही आहेत, त्यांची सगळ्यात चांगली. ‘पिंजरा’ २०१६मध्ये नव्या डिजिटल रूपात पुन्हा लागलाच की. सगळ्यात वाईट अवस्था ५०-६०च्या दशकातल्या भागीदारी संस्थांच्या चित्रपटांची. तीन भागीदार, त्यांची नऊ मुलं, चार देशांत, आणि संस्था विसर्जित केल्याचा कागद कुणाकडेच नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवणं हा रुळलेला मार्ग आहे. मालक सापडतच नसेल तर ३१-अ कलमाखाली सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण एका चित्रपटाच्या हजार डिस्क विकायच्या आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची, हे गणित कुणाचंच जुळत नाही. दहा-पंधरा चित्रपटांचं काम एकत्र हाती घेतलं तरच त्यात काही अर्थ.

ही पोस्ट वाचणाऱ्यांत एखाद्या जुन्या निर्मात्याचे नातू-नाती असतील, तर एवढं बघा. आजोबांच्या फाइलमध्ये १९८५च्या आसपासचा ‘व्हिडिओ कॅसेट राइट्स’चा कागद असेल तर त्यात डिस्क आणि ओटीटी येतं असं आपणहून मान्य करू नका. नव्या करारात मुदत आणि प्रदेश लिहा. लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरतो. समोरच्याच्या छापील मसुद्यात मात्र ‘परपेच्युअल, वर्ल्डवाइड, ऑल मीडिया’ असतं, ते खोडा. डिस्क, ओटीटी आणि टीव्ही वेगवेगळे द्या. आणि स्कॅनच्या मूळ डीपीएक्स फाइली, साफ न केलेल्यासुद्धा, एलटीओ टेपच्या (डेटा साठवायच्या चुंबकीय फितीच्या) दोन संचांवर तुम्हाला मिळतील हे कलम सहीच्या आधी घाला. एक संच घरी ठेवू नका, दुसऱ्या गावातल्या कुणाकडे तरी द्या.